दाजींच्या कॉम्प्युटरची तपासणी

एखादी वस्तू खरोखर नवी आहे की कुणी वापरून दिलेली, हे ओळखण्याचं काम आमच्या गावानं एकदा माझ्यावर सोपवलं, आणि ते मी इतकं चोख केलं की माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं. (त्या साली पाणी तसंही कुणी कुणाला विचारत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.)

आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. सलग दुसरा दुष्काळ होता. निम्मी जनावरं चारा छावणीत, उरलेली विकायच्या वाटेवर. माझे वडील, म्हणजे आप्पा, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. दुधाचे कॅन सकाळी हलके जायचे आणि संध्याकाळी त्याहून हलके. अशा वेळी वरून मंजुरी आली की संस्थेनं दूध मोजायला आणि हिशेब ठेवायला कॉम्प्युटर घ्यावा. मागणी आधीच्या बऱ्या साली केलेली होती, तेव्हा दूध बक्कळ होतं. मंजुरी आली तेव्हा मोजण्यासारखं संस्थेत फक्त संचालक मंडळ उरलं होतं.

कॉम्प्युटर घ्यायचा कुठून, हा प्रश्न नव्हता. आमच्या दाजींचं धारूरला दुकान होतं. आधी ते विहिरीच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचे. विहिरीच आटल्यावर मोटार जाळणार कोण? म्हणून त्यांनी निम्म्या दुकानात कॉम्प्युटर मांडले होते. माणूस कमी बोलणारा, कामाला स्वच्छ. सिरसाळ्याची आणि पाटोद्याची संस्थाही कॉम्प्युटर घेणार होती आणि दोघांनीही सांगून ठेवलं होतं की आधी तुमच्या सासुरवाडीला बसवा, तिथं नीट चालला की आम्ही घेतो. म्हणजे दाजींचं पुढचं सगळं आमच्या गावच्या एका मशीनवर अवलंबून होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही पुढचं सगळं घडलं.

बाजीराव हा आमच्या संचालक मंडळातला विरोधी पक्ष. एकटाच होता, पण पुरेसा होता. बैठकीत तो म्हणाला की चेअरमनच्या जावयाचा माल घेताय तर घ्या, पण आजकाल नव्या डब्यात जुनं घालून देतात, तपासून घ्या. आप्पा तत्त्वाचे. ते म्हणाले, तपासून घेऊ. आता तपासणार कोण? गावात कॉम्प्युटरचं शिक्षण झालेला मी एकटा. बीडला सहा महिन्यांचा कोर्स केला होता. (त्यातला निम्मा कोर्स लाईट नसल्यामुळे काळ्या पडद्याकडे बघून पूर्ण झाला होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.) मी दाजींचा मेव्हणा, तेव्हा बाजीराव हरकत घेईल असं वाटलं होतं. पण माझं आणि दाजींचं फारसं जमत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे मी एकमतानं निःपक्षपाती ठरलो.

माल जीपमधून आला. संस्थेच्या खोलीत छावणीसाठी आणलेली पेंडीची पोती छतापर्यंत रचलेली होती, म्हणून कॉम्प्युटर आमच्या घराच्या पुढच्या खोलीत उतरवला. सगळं संचालक मंडळ भिंतीला टेकून बसलं आणि मी तपासणीला सुरुवात केली. पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा जागेवर आहे का, हे बघितलं. स्क्रूच्या खाचा कोऱ्या आहेत की स्क्रूड्रायव्हरनं चावलेल्या, हे बॅटरी लावून बघितलं. वायरींना कंपनीनं मारलेला पीळ मोडलाय का, कीबोर्डची बटणं बोटांनी चकाकलीत का, मागच्या पंख्याच्या पात्यावर धूळ आहे का, सगळं बघितलं. शेवटी नाक लावून वासही घेतला. वास घेतल्यावर बाजीरावचा माझ्यावर विश्वास बसला.

मी जाहीर केलं की माल नवा दिसतो. दाजी एका बाजूला हाताची घडी घालून उभे होते. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत असा योग मला पुन्हा कधी येणार होता? मी म्हणालो की वरून सगळं नवं असलं तरी आतली हार्ड डिस्क जुनी असू शकते, आणि तिचं पोट एका सॉफ्टवेअरनं उघडता येतं. ती आजवर किती तास चालली आणि किती वेळा सुरू झाली, याची नोंद तिच्या आतच होत असते आणि ती कुणाला पुसता येत नाही. ते सॉफ्टवेअर मी बीडहून आणतो आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर दाखवतो. मंडळींना हे फार आवडलं. दाजींनी फक्त मशीन जोडलं, एकदा सुरू करून दाखवलं, बंद केलं, वर कापड टाकलं आणि म्हणाले, "उद्घाटन होईस्तोवर कुणी हात लावू नगा." खोलीची किल्ली आप्पांनी कमरेला अडकवली.

उद्घाटनाला तालुक्यातले एक साहेब यायचे होते. साहेब दुष्काळी दौऱ्यावर होते. आज येतो म्हणाले की आम्ही मांडव घालायचो, हार आणायचो, आणि साहेब दुसऱ्या गावची कोरडी विहीर बघायला जायचे. हार सुकायचे. मांडववाल्यानं शेवटी मांडव सोडायचंच सोडून दिलं. असे किती आठवडे गेले, कुणी मोजले नाहीत. आप्पा मात्र दिवसेंदिवस गंभीर होत गेले. दिवसातून दोन-तीनदा ते पुढच्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे आणि थोड्या वेळानं घाम पुसत बाहेर यायचे. माय म्हणायची, जप करत असतील, पावसासाठी. आम्ही घरात हळू बोलायला लागलो.

अखेर साहेब आले. सिरसाळ्याचे आणि पाटोद्याचे चेअरमनही मुद्दाम आले. आक्का, म्हणजे माझी बहीण, आदल्या दिवशीच माहेरी आली होती आणि नवऱ्याच्या मशीनला ओवाळायला स्वतः ताट घेऊन उभी होती. दाजींनी नवा शर्ट घातला होता. नारळ फुटला, फीत कापली गेली, साहेबांनी बटण दाबलं, पडदा उजळला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत मी पेन ड्राइव्ह घेऊन पुढे झालो.

सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर आकडे आले. मी ते वाचले, परत वाचले. दाजींनी सगळ्यांदेखत एकदा सुरू केलेला आणि साहेबांनी आत्ता एकदा सुरू केलेला तो कॉम्प्युटर, त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे, शेकडो वेळा सुरू झालेला होता. तासही दाजींच्या त्या पाच मिनिटांत मावणारे नव्हते. अशा वेळी शहाणा माणूस पेन ड्राइव्ह काढून खिशात घालतो आणि दाजींना बाजूला नेऊन विचारतो. मी माईक हातात घेतला!

"आतली डिस्क वापरलेली आहे," मी म्हणालो. आवाज बीडच्या वकिलासारखा निघाला, असं नंतर बाजीरावनं सांगितलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं, "चौकशी करून घ्या" एवढं म्हणाले आणि गाडीत बसले. सिरसाळ्याच्या चेअरमननी पाटोद्याच्या चेअरमनकडे बघितलं आणि दोघं चहा न घेता उठले. आप्पा खुर्चीत ताठ बसून होते. बाजीराव पहिल्यांदाच काही बोलला नाही, कारण बोलण्यासारखं सगळं मीच बोललो होतो. दाजी जागचे उठले, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातून गेलेला माल नवा हुता." मग ते मोटारसायकलकडे गेले. आत पुरणाचा स्वयंपाक तयार होता.

आक्का ओवाळणीचं ताट तसंच हातात धरून दारात उभी होती. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सुध्या, माझ्या सासूला मी काय सांगू आता? तूच ये सांगायला." ताट तिनं खाली ठेवलं आणि दाजींच्या मागे बसून निघून गेली. मला त्या क्षणी स्वतःच्या अचूकपणाची लाज वाटली. पण अचूकपणाही होताच, त्यामुळे लाज अर्धवटच वाटली, हेही कबूल करतो.

त्या आठवड्यात दोन्ही संस्थांनी दाजींना निरोप पाठवला की तूर्त कॉम्प्युटरचं राहू द्या. आक्काचा फोन आला तो मायला. मायनं माझ्यासमोर बोलणं टाळलं. घरात मला जेवायला वाढायचे, पण माय काय, बायको काय, कुणी हवं-नको विचारायचं नाही. गावात मात्र माझी किंमत वाढली. एकानं नवी सायकल तपासायला आणली, एकानं मोबाईल. एकजण मुलीसाठी बघितलेल्या स्थळाची चौकशी कर म्हणाला.

मग एका संध्याकाळी मी पुढच्या खोलीवरून जात होतो आणि आतून पंख्याचा बारीक आवाज आला. कडी नीट बसलेली नव्हती. मी दार लोटलं. आत आप्पा खुर्चीवर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, चप्पल बाहेर. समोर कॉम्प्युटर सुरू होता आणि ते त्याच्याकडे एकटक बघत होते. पडद्यावर काहीही नव्हतं, नुसती निळी पाटी.

"आप्पा, काय करताय?" मी विचारलं.

"फिरवतोय," आप्पा म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं, बटण दाबून मशीन बंद केलं, थोडं थांबले, परत सुरू केलं आणि कान देऊन ऐकलं. विहिरीवर मोटारीचा आवाज ऐकताना ते मान जशी तिरकी करायचे, तशीच केली.

"मशीन बसून ऱ्हायलं की जाम हुतंय," ते म्हणाले. "पाव्हण्यांनीच सांगितलंतं मला, मागल्या साली. विहिरीला पाणी नसलं तरी मोटर अधनंमधनं मिनिटभर फिरवत जा मामा, म्हणले. मी फिरवलीबी. पण मधी तुझी माय आजारी पडली तवा आठ-पंधरा दिस जमलं न्हाई, अन् मोटर जाम झाली ती झालीच." मग ते म्हणाले, "हे तर संस्थेचं मशीन. आधी ते सायेब येईनात, आता चौकशीत पडून हाय. म्हणलं, हे तरी जाम होऊ द्यायचं न्हाई."

मी विचारलं की रोज सुरू करायचात का. रोज, आप्पा म्हणाले. दिवसातून दोन-तीनदा. दर खेपेला चार-पाचदा बंद-चालू करायचे, कारण एका झटक्यात मोटर कधी मोकळी होत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. आणि तासांचं काय? त्यावर आप्पांनी नजर खाली घातली. एकदा बटण दाबूनही ते मशीन बंद होईना, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारत बसलं. मला बोलवावं तर कुणी हात लावू नका म्हणून दाजींनी बजावलेलं. मग ते खोलीला कुलूप घालून लाईट जायची वाट बघत बसले. नेमकी तेव्हाच लाईट जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, तेव्हा कुठं सुटका झाली. (लाईट जावी म्हणून देवाला हात जोडणारा माणूस आमच्या जिल्ह्यात त्याआधी झाला नसेल.)

"मग त्या दिवशी मांडवात कावून बोलला न्हाईत?" मी विचारलं.

"तू वापरलेलं हाय म्हणत हुतास," आप्पा म्हणाले. "मी कुठं काय वापरलं? दुधाचा एक थेंब मोजला न्हाई त्याच्यावर. मला वाटलं, पाव्हण्यांनीच काही केलं असंल." आणि मग माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांना सगळं उमगलं. आप्पांचा चेहरा असा पडलेला मी कधीच बघितला नव्हता. छावणीत बैल सोडून आले त्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बैठक बोलावली आणि उभं राहून सगळं सांगितलं. चेअरमनकीचा राजीनामा देतो म्हणाले. मला वाटलं, आता बाजीराव सोडत नाही. बाजीरावनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग जाम झालं का मशीन?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"मग बरंच केलं की. माझी बी मोटर मी तशीच फिरवतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. निघालं असं की गावातला प्रत्येकजण आपापल्या कोरड्या विहिरीवर जाऊन मोटर फिरवून येत होता आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. राजीनाम्याचा विषय तिथंच संपला. मग सगळी मंडळी माझ्याकडे वळली. घरातल्या घरात आधी विचारायचं सोडून माईक हातात घेतला कुणी? जावयाला चारचौघांत पाडलं कुणी? "शिकला म्हंजी लई झाला का बे?" बाजीराव म्हणाला. माझ्या बाबतीत संचालक मंडळात दुसऱ्यांदा एकमत झालं, आणि ह्या खेपेला ते माझ्याविरुद्ध.

आप्पा एसटीनं सिरसाळ्याला गेले, मग पाटोद्याला गेले. दोन्ही चेअरमनना समोर बसून खरं काय ते सांगून आले. दोघांचंही म्हणणं बाजीरावसारखंच पडलं. दोन्ही मशीनं दाजींकडूनच घ्यायची ठरली, आणि घेतल्यावर ती किती दिवसांनी फिरवावी, असंही दोघांनी आप्पांना विचारून घेतलं. दाजींचं दुकान वाचलं. दाजी मात्र आमच्या घराची पायरी चढले नाहीत. आप्पांवर त्यांचा राग नव्हता. मायनं फोन केला तर, "मामांचं काही न्हाई, मामी," एवढंच म्हणाले. ज्याचं काही होतं, त्यानं यावं, असा त्याचा अर्थ होता.

मोकळ्या हातानं जावयाची माफी मागत नाहीत. पूर्ण आहेर पाहिजे. टॉवेल, टोपी, पँटपीस, शर्टपीस, वर नारळ. दुष्काळात नवं घ्यायची सोय नव्हती, पण मायची ट्रंक होती. लग्नाकार्यात आलेले आहेर त्या ट्रंकेत जपून ठेवलेले असायचे. मायनं आतून एक जोड काढला. वेष्टन जसंच्या तसं, टाचण्या जागेवर, घडी करकरीत. मी तो उजेडात धरून चारी बाजूंनी बघितला, हुंगला आणि नवा असल्याचा निर्वाळा दिला. मायनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ट्रंक लावून टाकली.

धारूरला गेलो. दाजी दुकान बंद करून घरी आलेच होते. मी खाली बघून जे बोलायचं ते बोललो. चुकलं म्हणालो, घरात विचारायला पाहिजे होतं, चारचौघांत बोलायला नको होतं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दाजींनी पाट मांडून घेतला, मी कुंकू लावलं, टोपी घातली, नारळ दिला, आणि कपड्याची जोडी त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे दिली.

मावशींनी चष्मा लावला. वेष्टन न काढता पँटपीस उलटा केला, सुलटा केला. काठाला एका कोपऱ्यात कुंकवाचं फिकट बोट लागलेलं होतं. त्या बोटावर त्यांनी आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "सुधाकर, ह्यो तर मीच दिलता तुला. तुझ्या लग्नात. रंग पसंत पडला न्हवता व्हय रं?"

आक्कानं तोंडाला पदर लावला. खोटं बोलायला मला काही सुचेना, म्हणून जे खरं होतं ते बोललो.

"तसं काही न्हाई मावशी. उघडूनच बघितला न्हवता."

दाजींनी आईच्या हातातून पँटपीस घेतला, टाचण्या बघितल्या, घडी बघितली, नाकाशी नेऊन वास घेतला.

"माल नवा हाय," ते म्हणाले, आणि आक्काला माझं ताट वाढायला सांगितलं.